बुडालेल्या होडीचा पुरावा

समोरचा माणूस बोलायचा थांबला, की आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई चष्मा काढत, पदराच्या टोकाने पुसत आणि विचारत, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" उत्तर येईपर्यंत चष्मा परत डोळ्यांवर जात नसे. उत्तर आलं, की दुसरा प्रश्न यायचा, "आणि त्यांना कोणी सांगितलं?" या दुसऱ्या प्रश्नापर्यंत टिकणारी माणसं रत्नागिरीत फारशी नव्हती.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत रोज काही ना काही बातमी यायची. मुख्याध्यापकांची बदली झाली, हापूसचा भाव पडला, मिरजोळ्याला नवा कारखाना येतोय. बाई समोर असल्या की बातमी आणणारा दारातच घुटमळायचा. एकदा शिपायाने येऊन सांगितलं, "बाई, उद्या सुट्टी आहे." बाईंचा हात चष्म्याकडे गेला, तसा तो म्हणाला, "नाही, मी आधी परिपत्रक बघून येतो." आणि खरोखरच गेला. सुट्टी नव्हती.

बाईंचा विश्वास कागदावर. "कागद काय म्हणतो ते बघू," हे त्यांचं दुसरं वाक्य. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी बोलताना आपण नकळत नीट बोलायला लागतो, आणि घरी आल्यावर थोडं दमल्यासारखं होतं.

एकदा आम्ही त्यांना कोंडीत पकडलं. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखी बाईंचीही दाखल्यावरची जन्मतारीख जूनमधली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने टाकलेली. आई मात्र सांगायची, की तू गौरी-विसर्जनाच्या दिवशी झालीस. मी विचारलं, "बाई, मग कागद काय म्हणतो?" बाईंनी थोडा विचार केला. "कागद खोटं बोलतो हे मला माहीत आहे, सर. पण ते मला आईने सांगितलं. म्हणून मी दोन्हीपैकी एकही वाढदिवस करत नाही."

बाईंचे यजमान अलोऱ्याला प्रकल्पात नोकरीला होते, ते लवकर गेले. मुलगी पुण्याला. निवृत्त झाल्यावर बाई रत्नागिरीतच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. सकाळी मोडीतली जुनी कागदपत्रं लोकांना वाचून देत, दुपारी झोपत, संध्याकाळी मांडवीपर्यंत चालून येत. असं त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं असतं. पण त्यांच्या माहेरच्या गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला.

गाव रत्नागिरीपासून स्कूटरने तासाभरावर. वर आंबा-काजूच्या बागा, खाली खाडी आणि खाडीच्या तोंडाशी मासेमारी करणाऱ्यांची बंदरवाडी. बाईंचं माहेर वरचं, बागायतदारांचं. देवळाच्या समितीचे अध्यक्ष नाना हे बाईंचे चुलतभाऊ. उंच, गोरे, स्वच्छ धोतर नेसणारे आणि आवाज न चढवता हुकूम सोडणारे. ते एक दिवस बाईंकडे आले, तेव्हा मीही तिथे होतो.

"स्मरणिका काढायची आहे," नाना म्हणाले. "देवळाचा इतिहास तू लिही. बाहेरचा माणूस कशाला?"

मग खरं कारण सांगितलं. बंदरवाडीच्या लोकांनी अर्ज केला होता. त्यांचं म्हणणं, देव मुळात खाडीतून आला, त्यांच्या पूर्वजांनी आणला, आणताना होडी बुडून त्यांची सात माणसं गेली. म्हणून शिमग्यात पालखी आधी बंदरवाडीत यावी. आजवर ती आधी नानांच्या अंगणात यायची आणि खाली वाडीत जातच नसे. वाडीतले लोक वर येऊन दर्शन घेत. या वर्षी ते म्हणाले होते, पालखी खाली येणार नसेल तर आम्ही वर येणार नाही. खांदा द्यायला निम्मे लोक त्यांचे, ढोल सगळे त्यांचे.

"आम्ही त्यांना सांगितलं, लेखी पुरावा आणा," नाना म्हणाले. "आमच्याकडे तर सनद आहे."

बाईंनी मान हलवली. नाना समाधानाने गेले. बहीण घरची होती आणि कागद मानणारी होती. त्यांच्या दृष्टीने निकाल लागलेला होता.

सनद नानांच्या माजघरात काचेच्या चौकटीत टांगलेली होती. तिला हळदकुंकू वाहून वाहून काचेचा खालचा कोपरा पिवळा झाला होता. बाईंनी चौकट उतरवून खिडकीशी नेली आणि बराच वेळ वाचली. मला मोडी येत नाही. मी आपला कोकम पीत बसलो.

"झालं वाचून?" नानांनी विचारलं.

"झालं. नंतर सांगते."

परत येताना स्कूटरवर त्या काही बोलल्या नाहीत. एरवी मागे बसून त्या मोठ्याने प्रश्न विचारत आणि वाऱ्यात मला उत्तर द्यावं लागे.

दोनच दिवसांनी बंदरवाडीचे दोघे जण रत्नागिरीला बाईंकडे आले. त्यातला वयस्कर माणूस चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला. "बाई, आमच्याकडं कागद न्हाय. मानसं हायत."

"मग माणसं दाखवा," बाई म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी ते चिडून म्हटलं होतं. पण तो माणूस आनंदाने म्हणाला, "कदी येता?"

त्यानंतर मी बाईंना कितीतरी वेळा बंदरवाडीत नेलं. त्यांची पद्धत पक्की होती. एका घरात एकालाच विचारायचं, दुसरं कोणी ऐकत नाही हे बघायचं, आणि मोबाइलवर आवाज टिपून घ्यायचा. वाडीत हे अवघड. एकाला विचारलं की पाच जण येऊन उत्तर देतात. बाई शांतपणे म्हणायच्या, "तुमची पाळी उद्या." शाळेत हे वाक्य ऐकून मुलं पांगायची. इथे हसायची.

ऐकलेल्याचा मेळ मात्र एकाला एक लागेना. कोणी म्हणे होडी पौषातल्या वादळात बुडाली, कोणी म्हणे फिरंग्यांनी बुडवली. सर्वांत म्हाताऱ्या माणसाने सांगितलं, पाच जण गेले. त्याचा पुतण्या म्हणाला सात. त्याहून लहान एक जण शपथेवर नऊ म्हणाला. स्वतःची यांत्रिक नौका असलेला एक तरुण पोरगा म्हणाला, "वीसेक तरी असतील." एकाचंही नाव कोणाला सांगता येईना.

"पौषात वादळ?" बाई परतीच्या वाटेवर म्हणाल्या. "आणि होडीत वीस माणसं? देवाला बसायला जागा होती का?"

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं, की प्रकरणात एक ओळ घालून टाकते. 'बंदरवाडीत याविषयी एक आख्यायिका आहे, तिला आधार नाही.' सांगताना त्यांच्या आवाजात सुटका होती. मीही सुटलो, कारण पेट्रोल माझं जात होतं.

ती ओळ लिहायची राहिली, ती पारूकाकीमुळे. पारूकाकी ही वाडीतली सुकी मासळी विकणारी म्हातारी. आम्ही सांगायला गेलो होतो, की आता आमचं काम झालं. बाईंनी तिला सहज विचारलं, पुढच्या आठवड्यात तुमचा मुलगा भेटेल का. पारूकाकी म्हणाली, "गुरवारी या. त्या दिशी षष्ठी. होडी जायाची न्हाय."

"का जायची नाही?"

"पुसातल्या वद्य षष्ठीला आमची होडी जात न्हाय. ते त्या दिशी गेले ना."

बाई खाली बसल्या. बारा घरांतून फिरून त्यांनी होडी कशी बुडाली हे विचारलं होतं, केव्हा बुडाली हे कोणी पौष म्हणून सांगितलं होतं, पण त्या दिवशी तुम्ही काय करता हे विचारलंच नव्हतं. मग त्यांनी परत घरोघर फेरी मारली. होडीबद्दल भांडणाऱ्या सगळ्यांचं या एका गोष्टीवर एकमत होतं. भर हंगाम, समुद्र शांत, बाजारात भाव, तरी त्या दिवशी वाडीतली एकही होडी पाण्यात जात नाही. यांत्रिक नौकावाला पोरगासुद्धा जात नाही. "का ते म्हायत न्हाय," तो म्हणाला, "पन न्हाय जात."

"गोष्ट सांगायला पैसे पडत नाहीत," बाई मला म्हणाल्या. "एक दिवसाचा धंदा बुडवायला पडतात. दरवर्षी, सगळ्यांनी. हे ऐकीव नाही, सर. हे बघता येईल."

गुरुवारी सकाळी आम्ही खाडीच्या तोंडाशी गेलो. ओहोटी होती. थंडी होती. वाडीतल्या बायका एकेक करून खाली आल्या. प्रत्येकीच्या हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर भाताची मूद आणि गूळ-खोबरं. ओल्या वाळूवर पानं ओळीने मांडली गेली. कोणी मंत्र म्हटला नाही, कोणी रडलं नाही. मांडून झाल्यावर बायका गप्पा मारत उभ्या राहिल्या. भरती आली की पाणी पानं घेऊन जायचं.

बाईंनी पानं मोजली. विसाच्या वर होती.

"माणशी एक पान का?" त्यांनी पारूकाकीला विचारलं.

"मानशी न्हाय. चुलीशी एक. घर येगळं झालं की पान येगळं."

"तुम्ही लहान होतात तेव्हा किती असायची?"

"पाच-सात. तवा घरं होतीच कुठं?"

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तशाच त्या पानांकडे बघत राहिल्या. पाच, सात, नऊ, वीस. सांगणारा जितका म्हातारा, तितका आकडा लहान. ज्याच्या लहानपणी वाळूवर जेवढी पानं, तेवढी माणसं त्याच्या होडीत. लोक खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाने आपण बघितलेलं सांगितलं होतं.

त्यांना इतकं खूश झालेलं मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिथेच पारूकाकीला सगळं उलगडून सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे सात न्हवते?"

"सात होते की नव्हते, हे या पानांवरून सांगता येत नाही."

"मंग किती होते?"

"ते माहीत नाही."

पारूकाकीने पदर खांद्यावर सारखा केला. "मंग एवडं फिरून तुमाला गावलं काय?"

बाईंनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

पुढे मूर्तीला वज्रलेप करायला कारागीर आला, तेव्हा बाईंनी त्याला दगडाबद्दल विचारलं. तो म्हणाला, हा दगड या बाजूचा नाही, दुरून आलेला आहे. त्या गावात देवळाच्या भिंती जांभ्याच्या, पायऱ्या जांभ्याच्या, आणि देव तेवढा काळा, गुळगुळीत. लहानपणापासून सगळ्यांनी बघितलेलं. एवढा जड दगड रस्ता नव्हता तेव्हा कुठून येणार? बाई म्हणाल्या, "पाण्यातून आला असेल. असेल म्हणते, आहे म्हणत नाही."

समितीची सभा देवळाच्या मंडपात झाली. वरच्या वाडीचे लोक सतरंजीवर पुढे बसले, बंदरवाडीचे मागे, बरेच उभे. बाईंनी आधी सनद घेतली.

"यात राजाने देवाच्या दिव्यासाठी तेल लावून दिलं आहे आणि ते आमच्या घराण्याकडे सोपवलं आहे. कागद खरा आहे. पण त्यात 'देवालय आहे, त्यास' असं लिहिलंय. म्हणजे कागद झाला, तेव्हा देऊळ होतंच. ते कोणी बांधलं, देव कोणी आणला, यावर कागद गप्प आहे."

"बांधलं आमच्याच मूळ पुरुषाने," नाना म्हणाले. "हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"नाना, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आजोबांनी."

"त्यांना?"

मंडपात कोणीतरी खोकलं.

"म्हणजे आपलंही ऐकीवच आहे," बाई म्हणाल्या. "खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांचं ऐकीव आणि आपलं लेखी, असं नाही. दोन्ही ऐकीव. त्यांच्या ऐकिवाला निदान वर्षातून एक दिवस तरी आहे. आपल्याला नाही."

मागे कुजबुज वाढली. कोणीतरी टाळी वाजवली. बाईंनी हात वर करून ती थांबवली आणि मग बंदरवाडीची बाजू तपासायला घेतली. होडी बुडाली असावी, माणसं गेली असावीत, देवाचा दगड पाण्यातून आला असावा. पण सात हा आकडा धरता येत नाही, वादळ धरता येत नाही, फिरंगी तर मुळीच नाहीत. पानांचा हिशेबही त्यांनी समजावला. त्या सांगत होत्या तशी मागची कुजबुज बंद होत गेली.

शेवटी रत्नागिरीला दारात उभा राहिलेला तो वयस्कर माणूस उठला. रागावला नव्हता, दुखावला होता. "बाई, तुमी आमची मानसं कमी केलीत."

"कमी नाही केली. किती ते मला कळलं नाही, एवढंच म्हटलं."

"त्येच ते," तो म्हणाला आणि खाली बसला.

निकाल असा लागला, की लागलाच नाही. स्मरणिका छापली, पण इतिहासाचं प्रकरण गाळलं. त्या जागी देवळाचं रंगीत छायाचित्र आलं. पालखी त्या वर्षी नेहमीच्या वाटेने गेली, वरच्या वाडीतल्याच लोकांनी खांदे बदलत नेली, आणि ढोल शेजारच्या गावातून आणावे लागले. पुढच्या गणपतीत नानांकडून बाईंना बोलावणं आलं नाही. आधी दरवर्षी त्या पाच दिवस तिकडे असत. वहिनीने फोनवर एवढंच सांगितलं, की नाना म्हणतात, "अगो, घरच्या देवासमोर घराला खोटं पाडलंस."

बंदरवाडीनेही त्यांना आपलं म्हटलं असं नाही. पारूकाकी तेवढी बाजाराला आली की बाईंच्या दारात थांबायची. एकदा तिने पुडीभर सुकी कोलंबी ठेवली. बाई मासे खात नसत. ती मी खाल्ली. पुढच्या खेपेला पारूकाकीने विचारलं, कशी होती. बाई म्हणाल्या, "सर सांगतात चांगली होती." अशा बाबतीतही त्या स्वतःच्या नावावर काही खपवत नसत.

मी एकदा विचारलं, या सगळ्याचा त्रास होतो का. बाई म्हणाल्या, "गणपतीत होतो." मग म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, कागदात नाही ते झालं नाही. कागद गप्प असतो तिथे तो 'नाही' म्हणत नसतो, सर. एवढं साधं." हे त्या कुरकुरत बोलल्या नाहीत. उत्तरपत्रिकेत स्वतःचीच चूक सापडल्यावर लाल पेनाने खूण करावी, तशा बोलल्या.

दुसऱ्या वर्षी षष्ठीला त्यांनी मला परत तिथे न्यायला सांगितलं. काम काही नव्हतं. बायका आल्या, पानं मांडली. पारूकाकीने आपल्या टोपलीतून एक जास्तीचं पान काढलं आणि बाईंपुढे धरलं.

"घ्या. ठेवा."

"माझ्या घरातलं कोणी त्या होडीत नव्हतं."

"न्हवतं ह्ये तुमाला कोनी सांगलान?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी खरोखर विचार केला. देव आणायला निघालेल्या होडीत वरच्या वाडीचं कोणीच नसेल, हे कुठे लिहिलं होतं? कोणी होतं, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. पारूकाकी पान धरून उभी होती. बाईंचा हात अर्धा पुढे आला आणि थांबला.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत नसताना मला ठेवता येणार नाही, काकी."

पारूकाकीला राग आला नाही. "बरं," म्हणाली, आणि ते पान तिने परत टोपलीत ठेवलं. पण भरती येईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. शेवटचं पान पाण्याने उचललं, तेव्हा आम्ही निघालो.

त्या पावसाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला. मुलगी पुण्याहून आली, आठवडाभर इस्पितळात काढलं, आणि बाई गेल्या. नाना आले होते. पावसात छत्री न उघडता उभे होते. दिवसकार्य त्यांनीच पुढे होऊन करायला लावलं. तेराव्याला जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ती त्या षष्ठीला खाली जाऊन काय करायची?"

मी सांगितलं. पानांचं, चुलींचं, न ठेवलेल्या पानाचंही. ऐकून झाल्यावर नाना "अस्सं" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पौषात मी सवयीने एकटाच गेलो. ओहोटी होती, बायका खाली येत होत्या. त्यांच्या मागून बंदरवाडीच्या घाटीवरून नाना उतरताना दिसले. गुडघे दुखत असल्याने एकेक पायरी जपून उतरत होते. दोन्ही हातांत केळीचं पान होतं, वर भाताची मूद. घरून नीट वाढून आणलेलं, तुळशीपत्रासकट. बायका वाटेतून बाजूला झाल्या.

मी जवळ गेलो. "बाईंच्या नावाचं का?"

"नाही," नाना म्हणाले. "घराचं."

पान कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना. धोतराचा सोगा भिजत होता. पारूकाकीने ओळीतली दोन पानं जरा सरकवली आणि मधे वाळू हाताने सपाट केली.

"हितं ठेवा," ती म्हणाली. "कडंला नको. कडंचं पान वाऱ्यानं उलटतं."